पुनावळ्याचं कार्ड

पुणे
शनिवार, १२ ऑक्टोबर १९५७

आक्का,

हे माझं अकरावं पत्र. आधीच्या दहांची तू पोच दिली नाहीस, तेव्हा नमस्काराची ओळ यापुढं कागदावर लिहायची नाही असं ठरवलंय. मोशीला येऊन घालीन, तू दार उघडलंस तर.

आबांचा खोकला कसा आहे? गूळ कमी खा म्हणावं. माझं नाव सांगून बघ. आता त्या घरात माझं नाव निघतं की नाही, देव जाणे.

इकडची धांदल काय सांगू. रशियानं आकाशात उपग्रह सोडल्यापासून आमच्या साप्ताहिकाच्या जिन्यात माणसांची रीघ लागलीय. आमचे संपादक यशवंतराव एरवी माझ्या विज्ञानाच्या पानाला भरताड म्हणायचे. ‘सयाजी, जाहिरात आली की तुझं पान उडवतो हं,’ असं तोंडावर सांगायचे. आता तेच मला चहा पाजून पहिल्या पानाचा मजकूर मागतात. पाच वर्षांपूर्वी मी इथं मुद्रितं तपासायला लागलो, तेव्हा बी.एस्सी. झालेला पोरगा छापखान्यात हात काळे करतो म्हणून मोशीनं नाकं मुरडली होती. तू तेवढी माझा पहिला लेख उशाला घेऊन झोपलीस, असं आबा सांगत होते.

‘विचारा, सांगतो’ या माझ्या सदराला आता आठवड्याला शंभरावर कार्डं येतात. लोक शंका विचारतात आणि मी पाळीनं, जागा होईल तशी, उत्तरं छापतो. परवा चिंचवडच्या एका बाईंचं कार्ड आलं. त्यांचं मूल गेलंय. सगळे म्हणतात ते वर गेलं, तर हा उपग्रह त्याच्या जवळून जाईल का, असं त्यांनी विचारलंय. त्या कार्डाची पाळी आली आणि गेली. कार्ड अजून माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे.

तुला वाटत असेल, हा इतकी पत्रं लिहितो पण गोदीचं नाव घेत नाही. घेतलं बघ. दीड वर्ष होऊन गेलं. ज्वारीच्या काढणीत तिच्या पायाला विळा लागला, तू शिळ्या भाकरीवरची बुरशी जखमेवर बांधलीस, सूज मांडीपर्यंत चढली आणि पुण्याच्या डॉक्टरांपर्यंत यायला उशीर झाला. तुझी सहा वर्षांची थोरली पोर गेली. तू म्हणालीस, बुरशी बांधू का असं तू मला आधी कार्ड टाकून विचारलं होतंस. मी पुनावळ्याला तुझ्या सासरच्या ओट्यावर चारचौघांत सांगितलं, की असलं कार्ड मला मिळालं नाही. कार्डं गहाळ होतात, आक्का. त्यावरून दाजींनी तुला खोटारडी ठरवलं, मोशीला आणून सोडलं आणि अंगावरून नुकत्या सुटलेल्या धाकट्या तानीला ठेवून घेतलं, हे फार वाईट झालं. पण जे होतं ते मी सांगितलं. त्यात तुला खोटं पाडायचा माझा हेतू नव्हता.

तानी आता चार वर्षांची झाली असेल. तुला भेटू देतात का?

सया


पिंपरी स्टेशन
रविवार, २४ नोव्हेंबर १९५७

आक्का,

बाकावर बसून लिहितोय, अक्षर हललं तर सांभाळून घे. तुझ्याकडं यायला निघालो होतो. भोसरीपर्यंत चालत गेलो, तिथं चहा घेतला, आणि पाय मोशीच्या बाजूला वळेनात. परत आलो. आता गाडीला तासभर आहे.

मागं पेनिसिलीनचा कारखाना आहे. तो उभा राहत होता तेव्हा मी इथं चार खेपा केल्या होत्या. माळरानावर एवढ्या मोठ्या टाक्या, पांढऱ्या कपड्यातली माणसं, आणि त्या टाक्यांत वाढवतात काय, तर बुरशी. मला तेव्हा खाणं सुचत नव्हतं. आपल्या शिवारापासून दोन कोसांवर हे चाललंय आणि आपल्या माणसांना पत्ता नाही, हे त्यांना समजेल अशा भाषेत मीच सांगायचं, असं डोक्यात बसलं होतं. त्या लेखात मी लिहिलं, ‘घाबरू नका, ही आपल्या शिळ्या भाकरीवरच्या बुरशीच्या भावकीतलीच.’ भावकीतलीच. या एका शब्दावर मी काय खूष झालो होतो. यशवंतरावांनी पाठ थोपटली. चाकणच्या बाजारात एकानं मला थांबवून ती ओळ म्हणून दाखवली. त्याच ओळीनं मला नाव दिलं, सदर दिलं, पगार वाढवून दिला.

भावकी म्हटलं की आपल्याकडं सगळं एक असतं. हे मला कळायला हवं होतं. मी तिथलाच ना.

एक सांगतो, हसू नकोस. भुतंखेतं नसतात यावर मी तीन लेख लिहिलेत. तरी भर दुपारी कचेरीत एकटा असलो की जिन्यात कुणीतरी एक पाय ओढत वर येतंय असं ऐकू येतं. एक पाऊल टेकतं, दुसरं घासतं. मी उठून दार उघडतो. कुणी नसतं. मग मी दार उघडंच ठेवतो, पोरीला बाहेर ताटकळत राहायला नको म्हणून. खाणावळीत भाकरी पालथी करून दोन्ही बाजू बघितल्याशिवाय घास तोडता येत नाही. खाणावळीच्या अंबुबाई चिडतात. म्हणतात, ‘सयाजीराव, माझ्या भाकरीत काय विंचू निघाला व्हय?’

आक्का, कार्ड आलं होतं.

पण उशिरा आलं. गोदी गेल्यावर आलं. म्हणून मी नाही म्हणालो. आता सांगून काय उपयोग, असं मला वाटलं. गाडी आली. थांबतो.

सया


पुणे
रविवार, १५ डिसेंबर १९५७

आक्का,

मागच्या पत्रातलं खोटं आहे. तू ते वाचून काय म्हणाली असशील, या विचारानं मी तीन आठवडे जळतोय. आता मधे न थांबता लिहितो.

कार्ड मंगळवारी, २१ फेब्रुवारीला, सकाळच्या टपालानं आलं. गोदी गेली बुधवारी, २९ तारखेला. मधे आठ दिवस होते. ती तारीख या वर्षी आली नाही, पुढच्या वर्षीही येणार नाही. मला वाटलं होतं त्यामुळं बरं पडेल. उलट तिचं घर नसल्यामुळं ती सगळ्याच दिवसांत फिरते.

ढिगात वरच होतं. अक्षर बघताक्षणी कळलं. तुझा ‘ण’ मीच शिकवलाय, म्हशी राखताना, खापरावर कोळशानं. तुझं लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं होतं, लिहिता येतं हे सासरी बोलू नकोस, बाईमाणसाचा कागद त्या घरात खपत नाही. तू बोलली नाहीस. म्हणून तर ओट्यावर तू ‘मी कार्ड लिवलं’ म्हणालीस तेव्हा तुझी सासू म्हणाली, ‘ही लिवती? कंदी?’ तुझ्या बाजूनं बोलू शकेल असा माणूस त्या घोळक्यात एकच होता.

काय लिहिलं होतंस ते मला पाठ आहे. ‘सया, गोदीच्या पायाला विळा लागला. तू लिवलं हुतंस कारखान्यातली बुरशी भाकरीच्या बुरशीच्या भावकीतली. मग भाकरीची बांधली तर चालंल का. लवकर कळव.’

उत्तर एका ओळीचं होतं. नको बांधू, तिला घेऊन पुण्याला ये. तेव्हाच कार्ड टाकलं असतं तर गुरुवारी तुझ्या हातात पडलं असतं. कार्डं माझ्या खणात कोरी पडली होती. पोस्टाची पेटी आमच्या दाराशी आहे.

मी का टाकलं नाही, ते आता ऐक. मला तो प्रश्न आवडला. महिनाभर नुसते ‘चंद्रावर पाणी आहे काय’ असले प्रश्न येत होते, आणि हा एक जिवंत प्रश्न हातात आला होता. मी तो यशवंतरावांना वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘वा, असे प्रश्न आले पाहिजेत. झकास उत्तर लिही.’ मी तुझं नाव गाळलं, गोदीचं नाव गाळलं, ‘एका भगिनीने विचारले आहे’ असं घातलं. उत्तर लिहायला दोन दिवस घेतले. त्यात विनोद घातला. शेवटची ओळ तीनदा बदलली. त्या शनिवारी जाहिरात आली म्हणून सदर उडालं, ते पुढच्या शनिवारवर, ३ मार्चवर गेलं. तेव्हाही मनात आलं की आक्काला आधी कळवावं. मग म्हटलं, विळ्याचं कापलेलं आपण लहानपणी किती वेळा हळद दाबून बरं केलं. आणि म्हटलं, आपला प्रश्न छापून आलेला बघून आक्का किती खूष होईल. खरंच हेच म्हटलं, आक्का. तुला खूष करायचं होतं मला.

तू चार दिवस वाट पाहिलीस. ओट्यावर दाजी ओरडले, सासू ओरडली, आणि तू एकच वाक्य बोललीस. ‘त्यानं नको म्हटलं न्हाई, म्हणून बांधली.’ माझ्या गप्प बसण्याला तू माझं उत्तर समजलीस. समजणारच. मी नको म्हणायचं विसरेन, हे तुझ्या स्वप्नातही आलं नसेल.

दाजींनी मला विचारलं, ‘सयाजीराव, आलं हुतं का हिचं कार्ड?’ तो ४ मार्चचा रविवार. आदल्या दिवशी निघालेला अंक माझ्या पिशवीत होता, मांडीवर. त्यात तुझा प्रश्न छापलेला आणि खाली माझं झकास उत्तर. मी पिशवीवर हात ठेवला आणि ‘नाही दाजी’ म्हणालो. दाजींच्या काठीला मी भ्यालो नाही. मी भ्यालो ते सदर जाईल म्हणून. माणसं म्हणतील, सख्ख्या भाचीचा पाय सडत होता आणि हा ओळी घासत बसला. ते खरंच होतं, म्हणून भ्यालो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मोशीला पाठवायचा तेवढा एक अंक मी बाजूला काढायला लावला. तू आता मोशीलाच असणार आणि सदर वाचणार, हे मला माहीत होतं.

आता एवढंच करायचं राहिलंय, ज्याच्यामुळं तुझी तानी तुला मिळेल. ते मी करतो. तोवर काही लिहीत नाही.

सया


पुणे
सोमवार, २० जानेवारी १९५८

आक्का,

काल पुनावळ्याला गेलो होतो. दाजी देहूरोडच्या डेपोतल्या कामावर रविवारी जात नाहीत, म्हणून रविवार धरला. दारात सायकल पुसत होते. मला बघून उठले नाहीत. ‘काय काम काढलं?’ म्हणाले. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं, आणि तो अंक दिला. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख बोट ठेवून दाखवली. मग सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसं, विनोदासकट. मधे गवराबाई, तुझी जाऊ, दारात येऊन उभी राहिली. तिच्या पदराला धरून तानी होती. मोठी झालीय. तुझ्यासारखी मान तिरकी करून बघते.

मला वाटलं होतं दाजी मारतील. मी टोपी काढून ठेवली होती. ते कार्डाकडंच बघत राहिले. त्यांना अक्षर लावायला वेळ लागतो. ओठ हलत होते. मग म्हणाले, ‘हे तिनं लिवलंय?’

‘हो.’

‘आठ वरसं माझ्या घरात नांदली. मला ठावं न्हाई तिला लिवता येतं.’

म्हशी राखताना मीच शिकवलं, असं मी सांगितलं.

‘तिनं मला शंभर बार सांगितलं, आवं, मी इचारलं हुतं. असं हात जोडून.’ त्यांनी हात जोडून दाखवले, आणि तसेच राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘तुमी हे फाडलं का न्हाई, सयाजीराव? फाडलं असतं तर कुनाच्या बापाला कळलं नसतं.’

जवळजवळ दोन वर्षं ते माझ्या पुस्तकात होतं. रोज काढायचो, वाचायचो, ठेवायचो. फाडायला हात धजला नाही आणि द्यायलाही धजला नाही.

ते म्हणाले, ‘परवा गाडी जुंपून मोशीला जातो. तुमी आता जावा.’ मी उठलो तर मागून म्हणाले, ‘टोपी.’ ती घेतली आणि आलो.

आज सकाळी यशवंतरावांसमोर हेच सगळं लिहून ठेवलं आणि सदरात छापा म्हणालो. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, ‘सयाजी, मी हे छापणार नाही. उद्यापासून लोक आपल्या एकाही ओळीवर विश्वास ठेवणार नाहीत.’ मी म्हटलं, मग सदरही मी लिहिणार नाही. मी पुन्हा मुद्रितं तपासायला बसणार आहे, खालच्या मजल्यावर. तिथं जिन्याचा आवाज येत नाही असं वाटलं होतं. येतो.

चिंचवडच्या बाईंना कार्ड टाकलं. उपग्रह कुणाच्याच जवळून जात नाही, तिथं फक्त काळोख आहे, असं लिहिलं. खाली लिहिलं, मला तुमच्या मुलाचं नाव कळवाल का?

आक्का, क्षमा कर असं लिहायला घेतलं होतं. तो कागद टाकून दिला.

सया


पुनावळं
शिवरात्रीच्या आदल्या दिवशी

सया,

तुजी सगळी पत्रं मिळाली. येक बी फाडलं न्हाई.

मला ठावं हुतं. तुला वाटतं तू अंक थांबवलास म्हंजी मला कळलं न्हाई. अरं, मोशीला दोन वरसं दर हप्त्याला येतुया आनि गोदी गेली त्याच हप्त्याचा येत न्हाई? मला तवाच कळलं. शाळंच्या मास्तरांकडं गेले, त्यांच्याकडं तो अंक हुता. उभ्यानं वाचला आनि मागून घ्येतला. माजाच सवाल हुता, सगळा सजवलेला. उत्तर बी वाचलं. चांगलं लिवलं हुतंस. ते पयलं वाचाया मिळालं असतं तर गोदी आज दारात खेळली असती.

तो अंक घिऊन हितं यायला म्या दोनदा निघाले. देहूच्या रस्त्यापत्तूर आले आनि माघारी गेले. तुजं नाव जाईल म्हनून न्हाई. तसं समजू नगंस. ओट्यावर तू न्हाई म्हनलास तवा तुजा हात पिशवीवर ग्येला, ते म्या बगितलं. म्हनलं, ह्यो पोरगा येक दिस आपनहून सांगंल. माज्या हातचा हाय, सांगंल. आनि वाट बगत बसले. तानीला भेटाया ग्येले की गवराबाई दारातनं माघारी लावायची, तरी बगत बसले. लई मोठी चूक क्येली, सया. दुसऱ्यांदा क्येली.

हे गाडी घिऊन आले. आबांम्होरं टोपी हातात घिऊन बसले. वाटंत म्हनले, मलाबी नाव लिवाया शिकीव. मी हो म्हनले. राग हाय अजून, पर हो म्हनले.

तू लिवलंस, क्षमा कर म्हनून कागद टाकून दिला. बरं क्येलंस. मला ती देता येत न्हाई. मागं म्होरं द्येवाला ठावं. तू हिकडं यीऊ नगंस, मी सांगंस्तवर. आबांकडं जात जा, त्ये तुजी वाट बगत्यात.

जिन्यातल्या आवाजाचं लिवलंस. मला बी येतो. चुलीम्होरं बसले की परसदारी येतो. मी दार उगडत न्हाई. उगडलं आनि ती नसली तर मला सोसायचं न्हाई.

तुला तानीचं ऐकायचं आसंल. ती गवराबाईला आई म्हनती. रातीला तिच्याच कुशीत निजती. मी जवळ ग्येले की पदराआड जाती. गवराबाई बिचारी तिला म्हनती, आगं ही तुजी आई. ती मान हालवती. तिला कोन समजावनार, चार वरसाची हाय. काल मी शेतातनं आले, उंबऱ्यावर टेकले. ती आतनं आली, पान्याचा तांब्या दोनी हातांनी धरून. माज्याम्होरं ठेवला, आनि लांब हुबी राहून इचारलं, ‘पाव्हणीबाय, कवा जानार?’

सगुणा